आबूची हवा

ठाकोरजींना मलमल नेसवावी की शाल पांघरावी, हा पेच जेकोरबांना आबूवर आल्यापासून रोज सकाळी पडायचा. पंचांगाप्रमाणे वैशाख, आणि वैशाखात ठाकोरजींच्या अंगाला चंदन, पातळ मलमल आणि समोर पाण्यानं भरलेलं चांदीचं तबक. पण यंदा ढग वैशाखातच खाली उतरले होते, असं कधी होत नाही म्हणून आबूवालेही बुचकळ्यात पडले होते. खिडकीबाहेर गवतावरून धुकं लोळत चाललं होतं आणि बांच्या स्वतःच्या अंगावर दोन स्वेटर होते. अमदावादहून वेताच्या पेटीत बसून, आगगाडीनं आणि मग घाटाच्या मोटारीनं वर आलेले हे बोटभर उंचीचे देव आता चंदन फासून कुडकुडणार, हे त्यांना बघवेना.

"शास्त्रात वैशाख म्हणजे उन्हाळा," दारातून मनहरबेन म्हणाली.

"शास्त्र लिहिणारा आबूला आला नव्हता," बा म्हणाल्या आणि त्यांनी शाल पांघरली.

मनहरबेन आत आली आणि पाटावर बसली. तिच्या मांडीवर रेशमी झबलं, टोपी आणि चांदीचा खुळखुळा होता. उद्या अखात्रीज, अक्षय्य तृतीया, म्हणजे मुहूर्त बघायला नको. उद्या बाळाचं नाव ठेवायचं होतं आणि ते मनहरबेन ठेवणार होती. बाळ चार महिन्यांचं झालं तरी अजून नुसतं 'बाबो'च होतं. नाव ठेवण्याचा मान फोईचा, बापाच्या बहिणीचा, आणि अत्तरवाल्या सरैयांच्या घरात बापाच्या बहिणीवरूनच सगळं घोडं अडलं होतं. मनहरबेन ही बाळाच्या बापाची, म्हणजे बांच्या मुलाची, हर्षवदनची चुलत बहीण. सख्खी बहीण होती, ती याच आबूवर, बाजार उतरून गेलं की 'नक्की' नावाचं तळं लागतं, त्याच्या काठी राहत होती. फक्त तिचं नाव घरात कुणी घेत नसे.

"चिराग कसं वाटतं, काकी?" मनहरबेननं विचारलं.

"छान आहे," बा म्हणाल्या. त्यांनी तबकातलं पाणी उगाचच बोटानं हलवलं. "तू ठेवशील ते छानच असेल."

मनहरबेनला कळायचं ते कळलं. तिला सख्खा भाऊ नव्हता आणि देवानं कूसही उजवली नव्हती. कुणाची तरी फोई होण्याची ही एकच संधी तिच्या वाट्याला आली होती, तीसुद्धा दुसरीच्या पानातली. पण म्हणून काय झालं? ती दुसरी आपल्या हातानं पान सोडून उठून गेली होती.

*

ती गेली त्याला आता सतरा-अठरा वर्षं झाली. तरुलता तेव्हा विशीची. सरैया कुटुंब पहिल्यांदाच आबूला हवा खायला आलं होतं. तळ्याकाठी होतचंद नावाचा एक सिंधी तरुण नवराबायकोंना राजपुतान्याचे फेटे-घागरे चढवून फोटो काढायचा. त्यानं तरुचा एक फोटो काढला. पुढच्या दिवाळीच्या आत ती घरातून निघून इथं आली आणि त्याच्याशी लग्न लावून मोकळी झाली. वैष्णव वाण्याची मुलगी, आणि नवरा मासे खाणारा! तिच्या वडिलांनी, बापुजींनी, आंघोळ केली आणि सांगितलं, "माझ्यापुरती ती गेली."

आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी आबूला महिनाभरासाठी बंगला घेतला. त्याच्या पुढच्याही. अमदावादला पोळातले, गल्लीतले लोक तोंडावर पदर धरून हसले. मुलगी जिथं घालवली तिथंच हवा खायला जातात, सरैयांची कातडी गेंड्याची, असं बोलले. बापुजींचं उत्तर ठरलेलं असायचं. "आबूची हवा मानवते." हे उत्तर इतक्या वेळा दिलं गेलं, की घरातल्यांचाही त्यावर विश्वास बसला.

मागच्या भादरव्यात, भाद्रपदात, बापुजी गेले. यंदा आबूला यायचं की नाही यावर हर्षवदननं बराच काथ्याकूट केला. पण बाळाचं अंग घामोळ्यांनी भरून गेलं आणि डॉक्टरनंच सांगितलं, थंड हवेला न्या. त्यामुळे स्वयंपाक्या महाराज, लोणच्याच्या बरण्या, खाखऱ्यांचे डबे आणि ठाकोरजी, असं सगळं लटांबर नेहमीप्रमाणे वर आलं.

*

केतकी, हर्षवदनची बायको, बाळाला बाबागाडीत घालून तळ्याकाठी निघाली. आबूच्या बाबागाड्या म्हणजे लाकडी पेटीला चार चाकं आणि मागून ढकलायला एक माणूस. ढकलणाऱ्याला तिनं खजुरीच्या झाडाखाली थांबवलं, बाळाला कडेवर घेतलं आणि सरळ 'होतचंद फोटो' अशी पाटी असलेल्या दुकानात शिरली. सासरी येऊन तिला तीन वर्षं झाली होती. या दुकानाकडे बघायचं नसतं, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं होतं. तेव्हापासूनच तिला बघायचं होतं.

"या, या भाभी!" होतचंद उठला. पोट सुटलेला, हसरा माणूस. "छोट्या ठाकुरांना फेटा बांधू? तलवार देऊ? तलवार पत्र्याची आहे, घाबरू नका."

"फोटो नको," केतकी म्हणाली. "मी सरैयांची वहू."

होतचंदचा हात फेट्यावर तसाच राहिला. आतल्या काळ्या पडद्याआडून एक बाई बाहेर आली. हाताला फोटो धुण्याच्या औषधाचा वास, केस कानाजवळ पिकलेले. तिनं केतकीकडे बघितलंच नाही, बाळाच्या कानांकडे बघितलं.

"बापुजींचे कान," ती म्हणाली.

"सगळे तेच म्हणतात, बेन." केतकीनं बाळाला पुढे केलं. तरुलतानं घेतलं नाही. हात ओले आहेत, असं म्हणाली आणि कोरडेच हात साडीला पुसत राहिली.

"उद्या अखात्रीज आहे," केतकी म्हणाली. "बारशाची झोळी घालायची आहे. तुम्ही या. नाव तुम्हीच ठेवायचं."

"भाईनं सांगितलंय?"

केतकीनं बाळाचं टोपडं सारखं केलं.

"मग बानं?"

"बांच्या मनात आहे. तोंडावर येत नाही."

तरुलता हसली. चांगलं दिलखुलास हसली, आणि मग म्हणाली, "हे बघ केतकी. तू गोड मुलगी आहेस. पण मी काय, माझ्या हक्काच्या पाटावर वहूच्या पदराआडून चोरून बसू? फोईला भाऊ तेडायला, न्यायला येतो. घरी येतो, उंबऱ्यात उभा राहतो आणि म्हणतो, चल बेन. तसा आला तर मी ही अशी, पायात चप्पल नसली तरी निघेन."

"आणि नाही आले तर?"

"तर मनहरबेन ठेवेलच की नाव. ती वाईट नाही. लहानपणी माझ्या रिबिनी चोरायची, तेवढंच."

होतचंद मधेच म्हणाला, "मी जाऊन बोलू का साल्याशी?"

"तुम्ही गेलात तर तो दरीत उडी मारेल," तरुलता म्हणाली. आता मात्र तिनं बाळ घेतलं. बाळानं तिची नथ पकडायचा प्रयत्न केला. ती त्याच्याशी काहीबाही बोलली, पण कुठल्याही नावानं हाक मारली नाही. केतकीच्या ते लक्षात आलं.

*

संध्याकाळी सगळे सनसेट पॉइंटला निघाले. आबूला येऊन सूर्यास्त बघायचा नाही म्हणजे फुकट आलो, असं ओच्छवलाल फुआंचं ठाम मत होतं. मनहरबेनचे हे यजमान वजनानं असे, की त्यांना चढावर न्यायला बाबागाडीमागे दोन माणसं लागली. पेटीत पाय दुमडून, मांडीवर गाठियांची पुडी घेऊन ते राजासारखे चालले होते.

"कुठंय सूर्य?" वर पोचल्यावर त्यांनी विचारलं.

सूर्य कुठंच नव्हता. दरीतून ढग वर येत होता, पायऱ्यांवर बसलेली माणसं एकेक करून पुसली जात होती. कणसं भाजणाऱ्यांच्या शेगड्या तेवढ्या लाल दिसत होत्या. माणसांचे आवाज कुठून येतात ते समजत नव्हतं. गंमत म्हणजे कुणी परत जात नव्हतं. धुक्यात बुडून सगळे पश्चिमेकडे तोंड करून शांत बसले होते. मनहरबेनला वाटलं, आपण सगळे मेलो आहोत आणि तरी फार बरं वाटतंय. तिनं शाल गुंडाळून घेतली.

तिच्या पलीकडे, हातभर अंतरावर, बा आणि हर्षवदन बसले होते. ते दिसत नव्हते, पण ऐकू येत होते.

"केतकी आज तळ्यावर गेली होती," बा म्हणाल्या.

"माहीत आहे. तिनंच सांगितलं. आल्या आल्या भांडली माझ्याशी." हर्षवदनचा आवाज तुटक होता. "तूही तिच्याच बाजूची का?"

"मी कुणाच्या बाजूची नाही. मला थंडी वाजते आहे."

"बा, बापुजींनी शब्द दिला होता. ते असेपर्यंत पाळला आणि ते गेले की मोडायचा? लोक म्हणतील, म्हातारा जायचीच वाट बघत होते."

"लोकांचं जाऊ दे. तुझं काय?"

त्यानं पायानं एक खडा दरीत ढकलला. मग म्हणाला, "तिनं मला सांगितलं नाही. बारा वर्षांचा होतो. तिच्या हातानं जेवायचो मी. रात्री माझ्या उशाला पाण्याचा लोटा ठेवला आणि सकाळी नव्हतीच. बापुजींना नाही सांगितलं, तुला नाही, ठीक आहे. मला का नाही?"

बांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला असावा, कारण स्वेटरवर बांगड्या घासल्याचा आवाज झाला.

"हर्षु, तुझ्या बापुजींना थंडी सोसायची?"

"काय?"

"सांग ना. सोसायची?"

"नाही. अमदावादलाही पोषात कानटोपी काढत नसत."

"इथं गुडघे धरायचे त्यांचे. रात्रभर मी मोहरीचं तेल चोळायची. दम लागायचा. डॉक्टरनं दोनदा सांगितलं, सेठ, डोंगर सोडा, समुद्रावर जा. मी म्हटलं, आपण दुमसला जाऊ, द्वारकेला जाऊ, देवदर्शनही होईल. तर माझ्यावर ओरडले. आबूची हवा मानवते म्हणाले. रोज संध्याकाळी तळ्याला फेरी मारायचे, आठवतं? मी चार पावलं मागे. त्या दुकानासमोर आले की काठी आपटायचे. खोकायचे. आणि ती पडदा बाजूला सारून दारात उभी राहायची. ते तिच्याकडे बघायचे नाहीत, पुढे जायचे. पण फेरी एकही दिवस चुकली नाही. पाऊस असला तरी नाही."

"तू कधी बोलली नाहीस."

"त्यांनी मला सांगितलंच नव्हतं, तर मी काय बोलू? ते पुढे चालायचे, मी मागून बघायची. घरी आल्यावर म्हणायचे, आज हवा छान होती. कधी म्हणायचे, आज हवेला बरं दिसत नाही, खोकते आहे. मग मी समजायची."

धुक्यात कुणाचं तरी मूल रडायला लागलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. मनहरबेनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकांना तिनं आयुष्यभर दगड समजलं होतं. आणि आपण त्या दगडाच्याच बाजूनं होतो या आधारावर तिनं ते झबलं शिवायला घेतलं होतं.

मन तिचं काही एका उडीत मोठं झालं नाही. आधी तिला राग आला. असंच होतं नेहमी, रुसून जाणाऱ्यांच्या नावानं सगळे झुरतात आणि घरात राहून राबणाऱ्यांना कुणी विचारत नाही. हे झबलं तिनं चष्मा लावून शिवलं होतं. ते पेटीत परत ठेवायचं? तिनं नाक पुसलं आणि मग एकदम मोठ्यानं हाक मारली, "हर्षु!"

"कोण? मनहरबेन? तू इथंच आहेस?"

"हातभर अंतरावर बसले आहे. सगळं ऐकलं, आणि ऐकलं नाही असं म्हणायला मला येत नाही. जा तू. उजेड आहे तोवर जा."

"बेन, तुला शब्द दिला आहे मी."

"तुम्हा सरैयांचे शब्द!" मनहरबेन कडाडली. "एकानं दिलेला शब्द पाळता पाळता गुडघे गेले, आता तू सुरू कर. जा म्हणते ना. नाहीतर मी त्या गाडीतून बाबोच्या फुआंना उतरवते आणि तुला बसवून ढकलत नेते."

"मला का उतरवता?" धुक्यातून ओच्छवलाल म्हणाले. "सूर्य अजून बाकी आहे."

केतकी हसली. ती कुठे होती ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिच्या हसण्याचा आवाज ऐकून हर्षवदन उठला.

*

तळ्यावर पोचेपर्यंत त्याच्या केसांवर थेंब जमले होते. पाणी दिसत नव्हतं. होड्या रिकाम्याच काठाला टकटक करत होत्या. दुकानात दिवा लागला होता आणि त्याच्याभोवती धुकं पिवळं झालं होतं. हर्षवदन उंबऱ्यात उभा राहिला. त्याला काठी आपटता येईना, कारण काठी नव्हती. तो खोकला.

आतून कुणीतरी पडदा फार घाईनं सारला. तरुलता दारात आली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते हर्षवदनसाठी नव्हतं, हे त्याला समजलं. मग तिनं त्याला ओळखलं.

"तू होय," ती म्हणाली. "बापुजी गेले ते मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. पेपरात वाचलं मी."

"मलाही तू सांगितलं नव्हतंस," हर्षवदन म्हणाला. हे बोलायला तो आला नव्हता, पण तेच आधी बाहेर पडलं.

"तुला सांगितलं असतं तर तू बाला सांगितलं असतंस."

त्यानं विचार केला. "सांगितलं असतं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. पण मी रोज तुझ्या खाटेवर जाऊन झोपायचो. दिवाळीपर्यंत."

तरुलतानं दाराची चौकट धरली. आतून होतचंदनं खुर्ची पुढे सरकवली, पण कुणीच बसलं नाही. हर्षवदननं घसा साफ केला आणि वडीलधाऱ्यांसमोर पाठ म्हणावा तसं एका दमात म्हणाला, "उद्या झोळी आहे. मी तेडायला आलोय. चल, बेन."

ती खरोखरच चप्पल न घालता निघाली. होतचंद चप्पल घेऊन मागून धावला.

*

सकाळी बंगल्याच्या दिवाणखान्यात रेशमी साडीची झोळी केली. शेजारच्या बंगल्यातल्या सुरतच्या चार मुलींनी चार टोकं धरली. त्यांना कालच मगसाच्या वड्यांचं आमिष दाखवून ठेवलं होतं. झोळीत पिंपळाचं पान, सुपारी, रुपया आणि त्यावर मनहरबेनच्या झबल्यातला बाबो. झबलं तरुलतानंच घालायला लावलं होतं. मीही झबलं शिवलं असतं, पण मला कुठं माहीत होतं, आणि शिवलं असतं तरी इतकी बारीक टीप मला जन्मात जमली नसती, असं ती म्हणाली. मनहरबेन त्यावर, "रिबिनी परत देऊ का आता?" म्हणाली आणि दोघी एका पाटावर बसल्या. नाव सख्खीचं, झबलं चुलत बहिणीचं. ओच्छवलालांनी निवाडा दिला की हे कायद्याला धरून आहे.

बा एका खुर्चीत बसून होत्या. काल रात्री लेक आत आली तेव्हा त्यांनी "जेवलीस का?" एवढंच विचारलं होतं. तिला गरम रोटली वाढली होती आणि जावयाला लोणचं. तेव्हापासून त्या तिच्याकडे टक लावून बघत होत्या. इतकी वर्षं दुरून, चालता चालता बघितलं होतं. आता बसून बघायचं म्हणजे त्यांना सुचेना, कुठून सुरुवात करावी.

झोळी हलली, गाणं झालं, आणि तरुलतानं वाकून नाव ठेवलं. "मलय."

"मलय!" सगळे म्हणाले. मनहरबेननं चिराग गिळला आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. बाळ शिंकलं. होतचंदनं फोटो काढला आणि कुणालाही फेटा बांधला नाही.

"आता फोईचं देणं," ओच्छवलाल म्हणाले. "माग, तरुबेन! चांगलं घसघशीत माग. अत्तरवाल्याकडे काय कमी आहे?"

बांनी पदराच्या गाठीतून आपल्या पाटल्या काढल्या होत्या. पण विचारायचं असतं भावानं. हर्षवदन पुढे आला. "माग, बेन. जे मागशील ते."

तरुलता बाळाकडे बघत होती. "पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आबूला येऊ नका," ती म्हणाली.

सुरतच्या मुलींपैकी एकीच्या हातातलं टोक सुटता सुटता राहिलं. केतकीनं चटकन बाळाला उचललं. बांचा हात पाटल्यांवर थांबला.

"बेन," हर्षवदन म्हणाला, "काही चुकलं का?"

"अरे, दरवर्षी तुम्ही उन्हाळा मागे टाकून इथं येता. मी कुठं जाऊ? मला इथली थंड हवा पुरे झाली रे. मला अमदावादचा उकाडा पाहिजे. गच्चीवर संध्याकाळी पाणी मारलं की जो वास येतो, तो पाहिजे. गरम गादीवर पडून कूस बदलायची आहे. बाच्या हाताखाली बसून रस काढायचाय, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत. मला घामोळ्या आल्या तरी चालतील." तिनं आवाज आवरला. "मला तिथं बोलाव. एवढंच मागणं आहे."

"आणि होतचंदभाई?" मनहरबेननं विचारलं. "त्यांना सोसेल?"

"मी हैदराबाद सिंधचा, बेन," होतचंद कॅमेऱ्यामागून म्हणाला. "मला इथलीच हवा सोसत नाही."

"वैशाख लागला की हर्षु तेडायला येईल," बा म्हणाल्या.

"वैशाखापर्यंत कशाला?" हर्षवदन म्हणाला. "होळी पेटली की निघतो. तोवर चांगलं तापायला लागतं."

तरुलतानं मान हलवली. रात्री उंबरा ओलांडताना ती रडली नव्हती, बापुजींच्या फोटोसमोरही नाही. आता मात्र ती बांच्या मांडीत तोंड घालून, सुरतच्या मुलींसमोर, जावयासारख्या बसलेल्या नवऱ्यासमोर, माहेरी रडतात तशी मोठमोठ्यानं रडली.